मुस्काऊ पार्क : नदीच्या दोन काठांवर, दोन देशांत. वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मनीत राहणारी मराठी मंडळी बर्लिन आणि ड्रेस्डेन पाहतात, पोलंडला गेली तर क्राकोव्ह गाठतात. या दोन्हींच्या मधे, अगदी सीमेवर असलेलं हे पार्क बहुतेकांच्या यादीत नसतं. ज्यांच्या यादीत असतं, त्यांच्या मनात व्हिसापासून आइस्क्रीमपर्यंत बरेच प्रश्न असतात. त्यातले नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

हे पार्क नक्की आहे कुठे?

जर्मनीच्या पूर्व टोकाला, सॅक्सनी राज्यात, बाड मुस्काऊ नावाच्या लहानशा गावात. गावाच्या कडेनं नायसे नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि नदीचं पात्र हीच दोन देशांची सीमा आहे. पलीकडच्या काठावर पोलंडमधलं वेंक्निट्सा गाव. पार्क दोन्ही काठांवर पसरलंय. लोक त्याला 'जर्मनीतलं पार्क' म्हणतात खरं, पण त्याचा साधारण दोन तृतीयांश भाग पोलंडमध्ये आहे.

काठ बदलला की पाट्यांवरचं नावही बदलतं. जर्मन बाजूला 'फ्युर्स्ट प्युक्लर पार्क', पोलिश बाजूला 'पार्क मुझाकोव्स्की'. हा सॉर्ब या स्लाव्हिक अल्पसंख्याक लोकांचाही प्रदेश आहे, त्यामुळे जर्मन बाजूच्या पाट्यांवर गावाचं 'मुझाकोव' हे सॉर्बियन नावही दिसेल. रस्ता चुकलो की काय, असं वाटून घेऊ नका.

दोन देशांनी मैत्रीखातर मिळून बांधलंय का हे?

नाही. हा सगळ्यात जास्त होणारा गैरसमज. पार्क आधीचं, सीमा नंतरची. 1815 ते 1844 या काळात हे पार्क घडलं तेव्हा नदीचे दोन्ही काठ एकाच मालकाचे होते. दुसरं महायुद्ध संपलं, 1945 मध्ये सीमा नायसे नदीवर आली आणि पार्काचे दोन तुकडे झाले. राजवाडा जळाला, नदीवरचे पूल उद्ध्वस्त झाले. पोलिश बाजूला पुढची काही दशकं जंगलानं आपला ताबा घेतला. जिथून राजवाडा दिसायचा त्या मोकळ्या जागा झाडोऱ्यानं भरून गेल्या.

1980 च्या दशकाच्या अखेरीला दोन्ही देशांचे वारसातज्ज्ञ एकत्र बसले आणि जुन्या नकाशांवरून झाडोरा हटवायला सुरुवात झाली. मैत्रीचा भाग असेल तर तो हा. 2003 मध्ये जोड पूल पुन्हा उभा राहिला. 2004 मध्ये युनेस्कोनं दोन्ही काठ मिळून एकच स्थळ म्हणून जागतिक वारसा यादीत घेतले. पोलंड युरोपीय संघात आला तेही याच वर्षी. 2007 च्या डिसेंबरात पोलंड शेंगेन क्षेत्रात सामील झाला आणि पुलावरची पासपोर्ट तपासणी बंद झाली. 2011 मध्ये इंग्लिश पूलही परत आला.

हा प्युक्लर कोण?

हेर्मान फॉन प्युक्लर-मुस्काऊ, जन्म 1785, मृत्यू 1871. सरदार, प्रवासी, लेखक आणि पट्टीचा उधळ्या. 1811 मध्ये वडील वारले आणि मुस्काऊची जहागीर त्याच्याकडे आली. इंग्लंडमधल्या बागा पाहून तो भारावला होता. 1 मे 1815 रोजी त्यानं मुस्काऊच्या रहिवाशांना उद्देशून एक पत्र काढलं : मला इथे मोठं पार्क उभारायचंय, त्यासाठी तुमच्या जमिनी मला द्या. मग तीस वर्षं तो जमिनी घेत गेला, मोठी झालेली झाडं मुळासकट हलवत गेला, नदीला एक कृत्रिम फाटा काढून तो राजवाड्याशेजारून फिरवला, तळी खोदली, टेकड्यांचे उतार बदलले.

पैसा अर्थातच पुरला नाही. इथून पुढची गोष्ट एखाद्या फार्सला शोभेल अशी आहे. 1817 मध्ये त्यानं प्रशियाचा चॅन्सेलर हार्डेनबर्ग याची मुलगी ल्युसी हिच्याशी लग्न केलं. तिचा पैसाही पार्कात मुरला. 1826 मध्ये दोघांनी संगनमतानं घटस्फोट घेतला. हेतू एकच : हेर्माननं इंग्लंडला जावं, एखादी गडगंज वारसदारीण गाठून लग्न करावं आणि पार्क वाचवावं. तो तीन वर्षं तिकडे हिंडला. एकही वधू मिळाली नाही, कारण तो कशासाठी आलाय हे लंडनच्या बैठकींत लवकरच सगळ्यांना कळलं होतं. पण या काळात त्यानं ल्युसीला जी पत्रं लिहिली ती 1830 पासून पुस्तकरूपात आली आणि भरपूर खपली. वधूनं नाही, पण पत्रांनी थोडा पैसा आणला. घटस्फोटानंतरही ही दोघं एकत्रच राहिली. पार्कातल्या एका तळ्याला ल्युसीचं नाव आहे. माझं मत विचाराल तर ते फार कमी झालं. अर्धं पार्क तिच्या पैशावर आणि तिच्या देखरेखीखाली उभं राहिलंय.

1834 मध्ये त्यानं बागरचनेवर एक पुस्तक लिहिलं, त्यात मुस्काऊचे नकाशे आणि चित्रं आहेत. पुढे युरोपात आणि अमेरिकेत सार्वजनिक पार्कं आखणाऱ्यांनी ते अभ्यासलं. शेवटी 1845 मध्ये कर्जापायी त्याला मुस्काऊ विकावं लागलं. नंतर ते नेदरलँड्सचा राजपुत्र फ्रेडरिक याच्याकडे गेलं आणि एडुआर्ड पेट्झोल्ड या प्युक्लरच्याच तालमीत तयार झालेल्या माणसानं काम पुढे नेलं. प्युक्लर स्वतः कोटबुसजवळ ब्रानिट्सला गेला आणि साठीच्या उंबरठ्यावर तिथे नवं पार्क करायला घेतलं. तिथल्या तळ्यात मातीचा पिरॅमिड रचून त्यातच त्यानं आपली समाधी केली.

फुलांचे ताटवे, कारंजी वगैरे आहे का?

राजवाड्याच्या अगदी लगत थोडे ताटवे आहेत, बाकी नाही. ताटव्यांच्या अपेक्षेनं येणारे हमखास निराश होतात. इथे कुरण, झाडांचे पुंजके, पाणी आणि वळणारी वाट एवढंच आहे. पण ते जसं मांडलंय त्यात गंमत आहे. वाट वळते, समोर दाट झाडी येते, चार पावलांवर ती झाडी बाजूला होते आणि दूर, नदीपलीकडे, एखादा मनोरा किंवा पूल चौकटीत बसवल्यासारखा समोर येतो. पुन्हा वळण, पुन्हा सगळं गायब. यातलं काहीच योगायोगानं झालेलं नाही. कुरणाच्या मधोमध उभा असलेला एकटा ओकसुद्धा पलीकडचं अंतर डोळ्यांना कळावं म्हणून तिथे आहे.

प्युक्लरनं परदेशी, दुर्मिळ झाडांचा सोस टाळला. पार्कात बव्हंशी इथलीच झाडं आहेत : ओक, बीच, लिंडन. त्यामुळे पार्क कुठे संपतं आणि शेतं कुठे सुरू होतात हे बाहेरच्या अंगाला कळतच नाही. तेच त्याला हवं होतं.

मग जर्मन बाजू पाहून परत फिरलं तर चालेल का?

चालेल, पण मग आलात कशाला? जर्मन बाजूला राजवाडा आहे, तळी आहेत, उपाहारगृह आहे, त्यामुळे दिवसाचे पर्यटक तिथेच घुटमळतात. पण दोन्ही काठांवरच्या जागा एकमेकांकडे बघण्यासाठी आखलेल्या आहेत. राजवाड्याजवळ उभं राहून समोरच्या काठावर जे हिरवे चढ दिसतात ते पोलंडमध्ये आहेत, आणि राजवाडा सगळ्यात देखणा दिसतो तो त्या चढांवरून. एकाच काठावरून पार्क पाहणं म्हणजे नाटकाला जाऊन फक्त डाव्या विंगेकडे पाहत बसण्यासारखं आहे.

वेळ कमी असेल तर राजवाड्याचा आतला भाग सोडा, पूल सोडू नका.

चालण्याचा क्रम कसा ठेवावा?

सकाळी लवकर पोहोचा आणि आधी पोलंडच्या बाजूला जा. नदीच्या पूर्वेला पोलंड आहे, म्हणजे सकाळी तिथून राजवाड्याकडे बघताना ऊन तुमच्या पाठीशी आणि राजवाड्याच्या तोंडावर असतं. लालसर भिंती, खालचं कुरण, मधे नदीची रेघ. संध्याकाळी तेच दृश्य उन्हाच्या तिरिपेत विरून जातं आणि फोटोत नुसती काळी आकृती उरते.

जोड पुलावरून पलीकडे गेलं की नदीकाठची सपाट कुरणं लागतात. त्यांच्या मागे चढ सुरू होतो. वर झाडीत घळीवर बांधलेला विटांचा उंच वायाडक्ट आहे, थोडं पुढे प्युक्लरच्या स्मरणार्थ ठेवलेली भलीमोठी ग्रॅनाइटची शिळा. तिथे थांबा. नदीपलीकडचा राजवाडा बघण्याची ही ठरलेली जागा. नंतरच्या मालकांनी, म्हणजे आर्निम घराण्यानं, जिथे आपलं समाधिस्थळ बांधलं होतं ती जागाही याच बाजूला आहे. इमारत राहिली नाही, पण दृश्य आहे.

तिथून इंग्लिश पुलानं परत जर्मनीत या आणि मग ल्युसीचं तळं, ओक तळं आणि त्याचा छोटा धबधबा, निळी बाग, राजवाडा असं निवांत फिरा. थकलेल्या पायांना बाक आणि कॉफी याच बाजूला मिळते, म्हणून हा क्रम सोयीचा.

गावामागच्या चढावर 'बेर्गपार्क' म्हणजे डोंगरबाग आहे. तिथे गर्दी जवळजवळ नसते. जुनी झाडं आणि दरीकडे उघडणारी गाव-नदीची दृश्यं. पूर्ण दिवस असेल तरच तिकडे वळा.

राजवाड्यात काय आहे?

नवा राजवाडा म्हणतात त्याला. 1945 मध्ये जळाल्यावर पन्नासेक वर्षं तो नुसत्या भिंतींच्या अवस्थेत होता. पूर्व जर्मनीच्या काळात जमीनदारांच्या वाड्यांवर पैसा खर्च करण्याचा प्रश्नच नव्हता. 1990 नंतर दुरुस्ती सुरू झाली. आत प्युक्लरच्या आयुष्यावरचं कायमचं प्रदर्शन आहे, थोड्या खेळकर अंगानं मांडलेलं. मुलांना कंटाळा येत नाही. मनोऱ्यावर जाता येतं आणि वरून पार्काचा आराखडा एकदाचा डोक्यात बसतो. त्यासाठी तिकीट आहे.

जवळच नारंगीगृह आहे, म्हणजे थंडी न सोसणारी झाडं हिवाळ्यात आत ठेवण्याची इमारत. ती ड्रेस्डेनचं ऑपेरागृह बांधणाऱ्या गोटफ्रीड झेम्परनं आखली. प्युक्लरच्या काळात राजवाड्याच्या रोपवाटिकेत अननस पिकवले जात, सॅक्सनीच्या थंडीत! पैसे कुठे गेले हे विचारायला नको.

पार्काला तिकीट किती? वेळ काय?

पार्क दोन्ही बाजूंना मोफत आणि चोवीस तास उघडं. कुंपण नाही, फाटकावर माणूस नाही. तिकीट फक्त राजवाड्यातल्या प्रदर्शनाला आणि मनोऱ्याला. त्यांच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात आणि हिवाळ्यात कमी होतात.

भारतीय पासपोर्ट असेल तर दोन देशांचे दोन व्हिसा लागतात का?

नाही. जर्मनी आणि पोलंड दोन्ही शेंगेनमध्ये आहेत, एकच शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो. 'माझा सिंगल एन्ट्री व्हिसा आहे, पूल ओलांडला तर तो वापरून संपेल का?' हा प्रश्न फार येतो. संपत नाही. शेंगेनच्या आतली सीमा ओलांडणं म्हणजे शेंगेनमधून बाहेर जाणं नव्हे. दिवसातून दहा वेळा पूल ओलांडा, शिक्का पडत नाही आणि एन्ट्री मोजली जात नाही. मोजले जातात ते दिवस, आणि तेही दोन्ही देशांचे मिळून : कोणत्याही 180 दिवसांत 90.

अर्ज करताना ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे करायचा. सहल बर्लिनची आणि मुस्काऊला पोलंडच्या बाजूला दोन तास, तर अर्ज जर्मनीकडेच. प्रौढांसाठी व्हिसा शुल्क जून 2024 पासून 90 युरो आहे. व्हिसाकेंद्राचं सेवाशुल्क त्यावर वेगळं.

जर्मनीत नोकरी किंवा शिक्षणासाठी राहत असाल तर निवासपरवान्याच्या कार्डावर आणि पासपोर्टवर पोलंडला जाता येतं. दोन्ही सोबत हवेत, नुसतं कार्ड पुरत नाही.

सीमाच उरली नसेल तर पासपोर्ट हॉटेलात ठेवला तर?

ठेवू नका. जर्मनीनं ऑक्टोबर 2023 पासून पोलंडच्या सीमेवर तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू केली आणि तिची मुदत वाढत गेली. पोलंडनंही जुलै 2025 मध्ये आपल्या बाजूनं तपासणी आणली. रोख मुख्यतः गाड्यांच्या रस्त्यांवर असतो, पण पोलिसांनी पार्कातल्या पुलावर थांबवून कागद मागितले तर तो त्यांचा अधिकार आहे. फोनमधला फोटो किंवा झेरॉक्स यावर विसंबू नका. लहान मुलांचेही पासपोर्ट बरोबर असू द्या. घाईत तेच राहतात.

सीमा कुठे आहे ते दिसतं का?

दिसते. काठावर खांब आहेत : जर्मन बाजूचे काळा-लाल-सोनेरी पट्ट्यांचे, पोलिश बाजूचे लाल-पांढरे. नदी इतकी अरुंद आहे की दगड सहज पलीकडे जाईल, आणि पोरं तो टाकून बघतातच. नदी ओलांडायची ती पुलावरूनच. पाणी शांत दिसलं तरी पात्रात उतरू नका. ऑगस्ट 2010 मध्ये हीच नदी पुरात काठ सोडून बाहेर आली होती.

पैसे कुठले न्यावेत?

जर्मन बाजूला युरो, पोलिश बाजूला झ्वोटी. एक युरो म्हणजे सव्वाचार झ्वोटीच्या आसपास. दोन तासांसाठी झ्वोटी बदलून घेण्याची गरज पडत नाही. पोलंडमध्ये कार्ड जवळपास सगळीकडे घेतात, बऱ्याचदा जर्मनीपेक्षा जास्त सहज. एक मात्र पाहा : मशीन 'युरोत देणार की झ्वोटीत?' असं विचारतं, तेव्हा झ्वोटी निवडा. युरो निवडले की दर मशीनवाल्याच्या मर्जीनं लागतो. सीमेलगतच्या वेंक्निट्साच्या बाजारात युरोच्या नोटा बिनधास्त चालतात. जर्मन बाजूला खिशात थोडी नाणी असू द्या, स्वच्छतागृहासाठी लागतात.

स्वच्छतागृहावरून आठवलं. पोलंडमध्ये दारावर बऱ्याचदा शब्द नसतो, आकृती असते. त्रिकोण पुरुषांसाठी, वर्तुळ स्त्रियांसाठी. घाईच्या वेळी हे ठाऊक असलेलं बरं.

जायचं कसं?

बाड मुस्काऊला नेहमीची रेल्वे जात नाही. सर्वांत जवळचं स्टेशन वाइसवासर, कोटबुस ते ग्योर्लिट्स या मार्गावर. बर्लिनहून कोटबुसला गाडी बदलून वाइसवासरला उतरायचं आणि पुढचे आठेक किलोमीटर बसनं. सगळं धरून अडीच-तीन तास लागतात. रेल्वेचा त्रास नसतो, बसचा असतो : शनिवार-रविवारी फेऱ्या विरळ. परतीची बस आधी बघून ठेवा, मग पार्कात शिरा. जर्मनीत राहणाऱ्यांकडे डॉइचलँड तिकीट असेल तर प्रादेशिक गाड्या आणि बस दोन्ही त्यात येतात.

उन्हाळ्यात एक छान पर्याय आहे. वाइसवासरहून बाड मुस्काऊपर्यंत 600 मिलिमीटर गेजची छोटी जंगलरेल्वे धावते. कोळसा, माती आणि लाकूड वाहण्यासाठी ती 1895 मध्ये सुरू झाली होती. आता हौशी मंडळी ती चालवतात, मुख्यतः शनिवार-रविवारी. वेळ वाचवणाऱ्यांसाठी ही नाही.

गाडीनं येणार असाल तर ड्रेस्डेनहून साधारण शंभर किलोमीटर, बर्लिनहून दीडशेच्या आसपास. भाड्याची गाडी पोलंडमध्ये नेणार असाल तर करारात तशी परवानगी आहे ना ते पाहा. काही कंपन्या नकार देतात किंवा जादा पैसे घेतात. सोपा उपाय म्हणजे गाडी जर्मन बाजूला लावून पायी पूल ओलांडणं. पोलंडकडून येणाऱ्यांना झारी हे जवळचं मोठं गाव, पण तिथून स्वतःचं वाहन असलेलं बरं.

सायकलनं फिरता येतं का?

ठरवून दिलेल्या वाटांवर येतं, आणि पोलिश बाजूचा विस्तार पाहता सायकल हाच शहाणपणा. नदीकाठानं जाणारा ओडर-नायसे सायकलमार्ग पार्कातूनच जातो. चेक प्रजासत्ताकातल्या नायसेच्या उगमापासून बाल्टिक समुद्रापर्यंतचा हा सहाशे किलोमीटरहून लांब मार्ग आहे. राजवाड्यालगतच्या काही वाटा फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहेत, पाटी बघून उतरा.

आईवडील सोबत आहेत, त्यांना झेपेल का?

राजवाड्याचा परिसर, तळी आणि नदीकाठ सपाट आहे. वाटा खडी-वाळूच्या आहेत, व्हीलचेअर किंवा बाबागाडी चालते पण जोर लावावा लागतो. पोलिश बाजूचे चढ मात्र गुडघे दुखणाऱ्यांसाठी नाहीत. त्यांना जोड पुलापर्यंत न्या, पलीकडच्या कुरणात थोडं फिरवा. दुसऱ्या देशात पाऊल टाकल्याचं समाधान तेवढ्यातही मिळतं. घोडागाडीही मिळते.

कोणता महिना चांगला?

ऑक्टोबरचा मध्य, प्रश्नच नाही. ओक आणि बीच पिवळे-तांबूस होतात, धुकं सकाळी कुरणांवर रेंगाळतं आणि प्युक्लरनं कुठलं झाड कुठे का लावलं ते रंगांमुळे आपोआप कळतं. दुसरी पसंती मे महिना, कारण तेव्हा शेजारच्या क्रोमलाऊ पार्कात रोडोडेंड्रॉन फुललेले असतात. जुलै-ऑगस्टमध्ये दिवस मोठे, पण दुपारी ऊन आणि नदीकाठी डास. हिवाळ्यात पानं गळाल्यामुळे लपाछपीचा खेळच संपतो.

एप्रिल ते ऑक्टोबर उंच गवतात शिरू नका. युरोपातल्या गोचिडी चावल्या तर लाइम नावाचा आजार होऊ शकतो. पायघोळ पँट घाला आणि रात्री मुलांचे गुडघ्यामागचे भाग, काखा तपासा. गोचीड दिसली तर चिमट्यानं सरळ ओढून काढा.

शाकाहारी माणसाला काय मिळेल?

जर्मन बाजूला या भागाचं खास खाणं म्हणजे उकडलेले बटाटे, 'क्वार्क' नावाचं दाट ताजं चीज आणि वरून जवसाचं तेल. शाकाहारी, पोटभरीचं, आणि जवसाची चटणी खाणाऱ्याला ती चव परकी वाटत नाही. पोलिश बाजूला 'पिएरोगी रुस्किए' मागवा, बटाटा आणि चीजचं सारण भरलेले उकडीचे पदार्थ. फक्त वरून तळलेल्या डुकराच्या चरबीचे तुकडे टाकण्याची पद्धत आहे, म्हणून मागवतानाच 'बेझ मिएन्सा', मांसाशिवाय, असं सांगा. जर्मनीत तेच 'ओने फ्लाइश'. सूप शाकाहारी दिसलं तरी विचारून घ्या.

आणि ते प्युक्लर आइस्क्रीम?

चॉकलेट, व्हॅनिला आणि स्ट्रॉबेरीचे तीन थर असलेलं. प्युक्लरनं ते शोधलेलं नाही. प्रशियाच्या दरबारातल्या युंगिउस नावाच्या आचाऱ्यानं 1839 मध्ये आपल्या पाककृतीला त्याचं नाव दिलं. आज जर्मनीतल्या कुठल्याही सुपरमार्केटात मिळतं, पण इथे येऊन न खाता कोणी परत जात नाही.

गावातल्या दफनभूमीत एका आफ्रिकी मुलीचं थडगं आहे असं ऐकलं. खरं आहे?

खरं आहे, आणि प्युक्लरची गंमतीदार गोष्ट सांगताना ही बाजू गाळता कामा नये. 1830 च्या दशकात इजिप्त-सुदानच्या प्रवासात त्यानं गुलामांच्या बाजारातून एक अल्पवयीन मुलगी विकत घेतली. माहबूबा हे तिचं खरं नाव नव्हे, तिला मिळालेलं. तो तिला युरोपात घेऊन आला. 1840 च्या ऑक्टोबरात, मुस्काऊला पोहोचल्यावर काही आठवड्यांतच, ती तिथे वारली. त्या काळी यावर चविष्ट चर्चा झाली, पुढे प्रेमकथेचा मुलामाही चढला. विकत घेतलेल्या मुलीच्या संमतीला काय अर्थ, एवढा साधा प्रश्न त्यात कुणी फारसा विचारला नाही. थडगं गावातल्या चर्चच्या दफनभूमीत आहे.

वेंक्निट्साच्या बाजारात जावं का?

रस्त्याचा पूल ओलांडला की लगेच बाजार लागतो. जर्मन लोक सिगारेट, पेट्रोल, टोपल्या, बागेतले मातीचे बुटके आणि स्वस्त कपडे यांसाठी गाड्या भरून येतात. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळे रविवारी इथे जास्तच झुंबड. बाजार म्हणून मजेदार, खरेदी म्हणून बेताचा. ब्रँडचं नाव छापलेलं काही फार स्वस्त दिसलं तर ते नकली आहे असंच समजा. फटाके घेऊन जर्मनीत शिरू नका, तिथे मान्यता नसलेले फटाके नेणं गुन्हा आहे.

आसपास आणखी काय?

क्रोमलाऊचं पार्क, दहाएक किलोमीटरवर. तिथला दगडी राकोट्स पूल आणि त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब मिळून पूर्ण वर्तुळ दिसतं. फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. पुलावर चढायला मनाई आहे.

पोलिश बाजूला बाबिना नावाच्या जुन्या कोळसाखाणीची वाट आहे. खाण 1973 मध्ये बंद पडली, खड्ड्यांत पाणी साचलं आणि खनिजांमुळे काही तळी तांबडी, काही हिरवट झाली. हिमयुगातल्या बर्फाच्या रेट्यानं इथले जमिनीचे थर घोड्याच्या नालासारखे वाकलेत, म्हणूनच कोळसा वर आला. हा सगळा पट्टा आता युनेस्कोचा जिओपार्क आहे. पाण्याला हात लावू नका, ते आम्लधर्मी आहे. माझ्या मते पार्कानंतर उरलेला अर्धा दिवस बाजारापेक्षा इथे घालवावा.

फोन, वेळ, भाषा?

घड्याळ बदलत नाही, दोन्हीकडे एकच वेळ. प्लग भारतीय नाही, पण दोन गोल पिनांचा युरोपियन चार्जर दोन्हीकडे बसतो. नदीकाठी फिरताना फोन आपोआप पोलिश नेटवर्क पकडतो. युरोपीय संघातलं सिम असेल तर फरक पडत नाही. भारतातून फक्त जर्मनीचा पॅक घेतला असेल तर रोमिंग बंद ठेवा. आणीबाणीचा नंबर दोन्हीकडे 112. जर्मन बाजूला 'गुटेन टाग', पोलिश बाजूला 'जेन दोब्री' म्हणा. वयस्कर लोकांना इंग्रजी फारसं येत नाही, पण नमस्कार केला की खुणांनी भागतं.

मुक्काम कुठे करावा?

एका दिवसात परत जाणार असाल तर बर्लिन किंवा ड्रेस्डेन पुरे. दोन दिवस असतील तर बाड मुस्काऊतच राहा, म्हणजे सकाळी बसवाल्यांच्या आधी तुम्ही पलीकडच्या चढावर असाल. गाव संध्याकाळी आठलाच झोपतं, जेवायचं आधी उरकून घ्या. त्याहून जास्त वेळ असेल तर मुक्काम ग्योर्लिट्सला हलवा. तिथेही हीच नदी, हीच सीमा, आणि पादचारी पुलापलीकडे पोलंडमधलं झ्गोझेलेत्स.